नागलीची शेते सोडल्यावर डोंगरावर रान केव्हा आणि कसे परतते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पेठ तालुक्यात आपल्या कुटुंबाकडे डोंगराचे दोन उतार आहेत आणि आजोबांच्या काळी दोन्हीकडे रान तोडून, जाळून नागली आणि वरई घेतली जात असे. गावाकडचा उतार सुमारे वीस वर्षांपूर्वी सोडला, तरी तेथे गवत, घाणेरी आणि करवंदाच्या जाळ्या यांपलीकडे काही उगवलेले नाही. ओहळापलीकडचा उतार सोडून जेमतेम बारा वर्षे झाली आणि तेथे साग व ऐन माणसाच्या दुपटीहून उंच वाढले आहेत. असे उलटे का झाले, पहिल्या उतारावर रान यायला आणखी किती वर्षे लागतील, तेथे खड्डे घेऊन रोपे लावावीत का आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे पुन्हा थोडी नागली करता येईल का, असे आपण विचारले आहे.

जमीन कधी सोडली याला या प्रश्नात वाटते तितके महत्त्व नाही. ती सोडली त्या दिवशी मातीखाली काय जिवंत होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात तिच्यावर काय गुदरले, या दोन गोष्टींवर बहुतेक सारे ठरते. म्हणून आधी ती शेती कशी होत असे हे पाहावे लागेल.

नाशिकच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी आणि वारली कुटुंबे करीत आलेली वरकस शेती ही फिरत्या शेतीचीच एक रीत आहे. कोकणात तिला दळी म्हणतात, कर्नाटकात कुमरी आणि ईशान्येत झूम. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद आणि मग काही वर्षे जमीन पडीक, असा तिचा साधारण क्रम. जाळल्याने नत्राचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो, पण पालाश, चुना आणि स्फुरद राखेतून मातीत मिसळतात, मातीची आम्लता उतरते आणि वरच्या थरातले तणाचे बी मरते, त्यामुळे पहिले पीक जोमदार येते. दोन-तीन पावसाळ्यांत ही राख वाहून तरी जाते किंवा पिकाबरोबर घरी तरी येते, तण दाटते, निंदणीचे कष्ट पिकापेक्षा जड होतात आणि शेतकरी पुढच्या तुकड्याकडे वळतो. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की पालापाचोळ्याच्या आगीची धग मातीत जेमतेम काही बोटे उतरते. वरचे झाड तोडले, जाळले, तरी त्याचा खुंट आणि मुळे बहुतेक वेळा जिवंत राहतात, आणि साग, ऐन, बोंडारा, टेंभुर्णी, तिवस, पळस या आपल्याकडच्या पानझडी जंगलातल्या झाडांना खुंटातून किंवा मुळांतून पुन्हा फुटण्याची विलक्षण ताकद असते.

ही ताकद वरून दिसत नाही. ओहळापलीकडच्या उताराच्या कडेला, जेथे झाडे अजून विरळ आहेत, तेथे गवतात वीतभर उंचीची ऐनाची किंवा टेंभुर्णीची रोपे दिसतील. यंदाच उगवली असावीत असेच कोणालाही वाटेल. त्यातले एखादे रोप बाजूची माती कुदळीने हलक्या हाताने मोकळी करून पाहावे. वरचा कोंब काडीएवढा असतो आणि त्याच्याखाली अंगठ्याहून जाड, गाठाळलेले मूळ निघते. त्या गाठीवर मागच्या कोंबांच्या वाळलेल्या खुणा एकावर एक दिसतात. दर पावसाळ्यात कोंब येतो, उन्हाळ्यात वणव्याने किंवा कोरडीने जळतो, आणि तेवढ्या चार महिन्यांची कमाई मूळ आपल्याजवळ ठेवते. असे रोप आठ-दहा वर्षांचेही असू शकते. त्याला एक-दोन उन्हाळे आगीविना मिळाले की ते जी उसळी घेते ती रोपवाटिकेतल्या कोणत्याही पिशवीतल्या रोपाला साधत नाही. आपल्या बारा वर्षांच्या उतारावरचे सागही बहुधा बियांपासून आलेले नाहीत. त्यांचे बूड तपासले तर जुन्या कुजत चाललेल्या खुंटाच्या कडेने निघालेले फुटवे सापडतील.

आता पहिला उतार. तो गावाजवळ आहे, चढ सौम्य आहे आणि बैल तेथे सहज पोहोचत असावेत, असे आपल्या वर्णनावरून दिसते. नांगर फिरवायचा तर आड येणारे खुंट आधी उकरून काढावे लागतात आणि पुढे दर वर्षी फाळ उरलेली मुळे तोडत जातो. कुदळीने नागली केलेल्या तीव्र उतारावर मात्र खुंट जागच्या जागी राहतात. याशिवाय गावाजवळची जमीन अधिक वेळा आणि अधिक सलग कसली जाते, पडीक काळ आखडतो, आणि प्रत्येक फेरीत काही खुंट कायमचे मरतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हेच आढळले आहे: लागवडीच्या फेऱ्या वाढत गेल्या की त्याच जमिनीवर परत येणाऱ्या जंगलाचा जोर फेरीगणिक घटतो. आजोबांनी आणि वडिलांनी त्या उतारावर किती फेऱ्या घेतल्या आणि शेवटची किती वर्षे नांगर चालला, हे घरातल्या थोरांना जरूर विचारा. माझ्या मते आपल्या कोड्याचे निम्मे उत्तर तेथेच मिळेल.

दुसरा फरक राबाचा, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्याचा, आहे. भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी शेण, फांद्या-पाला, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात राब भाजतात आणि त्यासाठी ऐनाच्या फांद्या वर्षाआड छाटतात. त्यामुळे या पट्ट्यात वरकस जमिनीतही ऐन मुळासकट काढला जात नाही, तो सोटासारखा उभा ठेवला जातो. वनरक्षकाच्या किंवा शहरातून आलेल्या पाहुण्याच्या डोळ्याला ही बोडकी झाडे म्हणजे नासधूस वाटते. रान परतण्याच्या दृष्टीने मात्र ती फार मोलाची असतात. बुलबुल, तांबट उघड्या माळावर उतरायला नाखूश असतात, पण असा एखादा ऐन असला की त्यावर टेकतात आणि करवंद, जांभूळ, उंबर यांचे बी त्याच्या बुडाशी टाकून जातात. छाटणी थांबली की तोच ऐन स्वतः पंखवाले बी उडवू लागतो. ओहळापलीकडे असे छाटलेले ऐन किती होते आणि गावाकडे किती उरले होते, तेही आठवून पाहा.

सोडल्यानंतर काय झाले, हा तिसरा आणि अलीकडच्या काळात सर्वांत भारी पडणारा भाग. गावाजवळच्या पडिकावर गुरे आणि शेळ्या रोज फिरतात, सरपणासाठी कुऱ्हाड रोज लागते आणि फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचण्यासाठी, नव्या गवतासाठी किंवा निव्वळ निष्काळजीपणाने वणवा लागतो. शेळी कोवळे फुटवे नेमके वेचून खाते. काटेरी करवंद, कडू चिकाचा कुडा आणि उग्र वासाची घाणेरी तेवढी टाळते. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे न खाल्ल्या जाणाऱ्या झुडपांचेच रान तयार होते. आपल्या पहिल्या उताराची गणना रान न परतलेल्या जमिनीत करण्यापेक्षा, दर वर्षी परतू पाहणारे आणि दर वर्षी परतवून लावले जाणारे रान, अशी करणे अधिक बरोबर ठरेल. गुरांबद्दल एक सांगतो. थोडी गुरे चरली तर गवत कमी होते आणि वणव्याचा जोर उतरतो, म्हणून गाई-बैलांवर सरसकट बंदी घालण्याचा माझा आग्रह नसतो. शेळ्यांच्या बाबतीत मात्र तीन-चार वर्षे तडजोड करू नये.

किती वर्षे लागतील, यावर जगभरातली आकडेवारी आहे, पण ती जपून वापरली पाहिजे. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या ४५ ठिकाणच्या परतलेल्या जंगलांचा एकत्रित अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जुन्या जंगलाच्या ९० टक्के जैवभार, म्हणजे झाडाझुडपांचे एकूण वजन, परत येण्यास मध्यक हिशेबाने ६६ वर्षे लागतात, असे त्यात निघाले. शिवाय ठिकाणा-ठिकाणांतला फरक अकरा पटींपर्यंत होता आणि तो मुख्यतः पाण्याच्या उपलब्धतेने ठरत होता. त्याच गटाच्या २०२१ सालच्या अभ्यासानुसार मातीचे गुण दहा वर्षांच्या आत सावरतात, जंगलाची ठेवण आणि जातींची संख्या २५ ते ६० वर्षांत, पण कोणत्या जाती किती प्रमाणात हे मूळ जंगलासारखे होण्यास आणि पूर्ण जैवभार येण्यास १२० वर्षांहून अधिक काळ लागतो. पेठकडे पाऊस दोन हजार मिलीमीटरच्या घरात असल्याने आपल्याला पाण्याची बाजू बरी आहे. सिन्नर किंवा येवल्याच्या पाचशे-सहाशे मिलीमीटरवर असा हिशेब मांडताच येणार नाही. तथापि हा सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात, हा आपला मोठा तोटा आहे. दुसरे असे की माती दहा वर्षांत सावरते हे माती जागेवर असेल तेव्हाच खरे. आपल्याकडे काळ्या कातळावर हात-दोन हात माती असते आणि ती धुपून मुरूम उघडा पडला, तर त्या जागेला हे आकडे लागू होत नाहीत. अशा जागी धावड्यासारखे काटक झाडसुद्धा बियांपासून मुश्किलीने येते, कारण त्याचे बी फार थोडे रुजते.

अंदाजच हवा असेल तर असा द्यावा लागेल. ओहळापलीकडच्या उतारावर साग, ऐन, बोंडारा यांचे छत आणखी दहा-पंधरा वर्षांत जुळेल आणि गवत मागे हटेल. त्यानंतर हेद, कळंब, बेहडा, जांभूळ हळूहळू आत शिरतील. ओहळाच्या नाळेत, जेथे ओल आणि सावली टिकते, तेथे हे आधी घडेल. सावलीत वाढणाऱ्या, जड बियांच्या जाती मात्र जवळपास देवराई किंवा जुने रान शाबूत असेल आणि तेथून बी आणणारी उदमांजरे, धनेश, वानरे येत-जात असतील, तरच येतील. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद केली तेव्हा त्यांचे महत्त्व दुर्मीळ वनस्पतींच्या आसऱ्याच्या दृष्टीने मांडले गेले. भोवतालच्या पडिकांना बी पुरवणारी जागा म्हणूनही देवराईकडे पाहायला हवे असे मला वाटते. आपल्या गावाची देवराई या उतारांपासून किती अंतरावर आहे, हे आपण लिहिलेले नाही.

ईशान्येतला अनुभव येथे उपयोगी पडतो, मात्र त्याची जशीच्या तशी नक्कल करण्यात अर्थ नाही. मेघालयात पी. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झूमनंतरच्या पडिकांचा बारकाईने अभ्यास केला. पूर्वी वीस-तीस वर्षांनी एका जागेवर परत येणारी शेती चार-पाच वर्षांवर आली की पडीक रान तणाच्या अवस्थेतच अडकते, रानमोडीचे तण आणि दाभासारखे गवत कायमचे ठाण मांडते, आणि झाडांची पाळी येण्याआधीच पुन्हा कोयता पडतो. निदान दहा वर्षांचा फेरा असल्याशिवाय ही शेती माती आणि उत्पन्न या दोन्ही अर्थांनी टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेथे पहिल्या काही वर्षांनंतर बांबू पुढे येतो आणि एरवी पावसाने वाहून जाणारा पालाश आपल्या अंगात धरून ठेवतो. नागालँडमधील खोनोमा गावाने याहून वेगळी वाट काढली. तेथे शेतातली अल्डर नावाची झाडे माणसाच्या उंचीवर छाटतात, बुंधा आणि मुळे शाबूत ठेवतात आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे अगदी आखूड पडीक काळातही जमीन तग धरते. अल्डर आपल्याकडे येणार नाही, त्याला थंड डोंगर लागतात. पण बुंधा राखून छाटण्याची समज आपल्या ऐनाच्या राबात आधीपासूनच आहे, आणि नत्र धरणारी तिवस, पांगारा, शिरीष ही झाडे आपल्या बांधांवर आहेत.

आता लावणीबद्दल. गावाकडच्या उतारावर खड्डे घेण्यापूर्वी आधी मोजणी करा, अशी माझी विनंती आहे. दहा मीटर बाजूचा चौकोन दोरीने आखावा आणि त्यात जिवंत फुटवे असलेले खुंट, गवतात दडलेली वीतभर रोपे आणि गुडघ्यावरची रोपटी अशा तिन्हींची मोजदाद करावी. वर, मध्ये आणि खाली असे आठ-दहा चौकोन घेतले की चित्र स्पष्ट होते. मोजणी भाद्रपद-आश्विनात करावी, कारण उन्हाळ्यात ही रोपे दिसतच नाहीत आणि जमीन रिकामी आहे असा गैरसमज होतो. एका चौकोनातली संख्या शंभराने गुणली की हेक्टरी अंदाज मिळतो. हेक्टरी सातशे-आठशेच्या वर रोपे आणि खुंट भरले तर लावणीची गरज नाही, केवळ राखण पुरे, असा माझा ठोकताळा आहे. अशा जमिनीवर यंत्राने सलग चर खणले तर जी मुळे वर्षानुवर्षे तग धरून बसली आहेत तीच कापली जातात आणि त्यांच्या जागी रोपवाटिकेतले नाजूक रोप येते. हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

राखण म्हणजे काय तेही सांगतो. मार्गशीर्ष-पौषात उताराभोवती पाच-सहा मीटर रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी करावी, ही जाळरेषा. ती नुसती आखून भागत नाही, होळीच्या सुमाराला पडलेला नवा पाला पुन्हा झाडावा लागतो. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी एकट्याने पाळून उपयोग नसतो, ग्रामसभेत ठरवून घ्यावी. खुंटावर आठ-दहा फुटवे आले असतील तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर, थंडीत, त्यातले दोन-तीन राखून बाकीचे धारदार कोयत्याने काढावेत. राखायचे ते खुंटाच्या अगदी बुडाशी, मातीलगत फुटलेले असावेत. खुंटाच्या वरच्या कडेवर फुटलेला धुमारा कितीही सरळ आणि जाड दिसला तरी खुंट कुजला की तो वाऱ्याने फाटतो.

घाणेरी कापून फारसा उपयोग होत नाही, कारण बुडातून ती दुप्पट फुटते आणि जाळल्यास आणखी माजते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर तिचे मुख्य मूळ तोडून झुडूप उपटावे आणि उलटे करून ठेवावे. दिल्ली विद्यापीठात सी. आर. बाबू यांच्या चमूने ही रीत रूढ केली. मात्र एकाच वर्षात सारा उतार मोकळा करू नये. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरीचेच बी पुन्हा उगवते, ते दोन पावसाळे हाताने उपटावे लागते, म्हणून जेवढे झेपेल तेवढ्याच पट्ट्याला दर वर्षी हात घालावा. करवंदाच्या जाळ्या मात्र काढू नका. त्यांच्या काट्यांच्या आसऱ्याने शेळीपासून बचावलेली रोपे आत सापडतील, आणि पक्षी त्या जाळीतच बी टाकतात.

मोजणीत हेक्टरी दोनशे-तीनशेच भरले, तर नांगराने मुळे संपवली असे समजून मधल्या रिकाम्या जागी लावणी करावी लागेल. सलग ओळींत न लावता, करवंदाच्या कडेला किंवा एकट्या उभ्या झाडाच्या सावलीच्या टोकाला तीन-चार रोपांचे पुंजके करावेत. तिवस, शिरीष, मोह, हिरडा, आवळा, उंबर, जांभूळ पुरेशी आहेत. साग लावण्याची गरज नाही, तो आपण होऊन येतो. मुरूम उघडा पडलेल्या जागी आधी दगडी बांध घालून गवत धरू द्यावे, झाडाचा विचार नंतर.

वडिलांच्या नागलीबद्दल. पडीक रानात पुन्हा शेती करणे हा गुन्हा आहे अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा झाली, आणि त्याला आधार आहे: १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम १० मध्ये फिरती शेती ही हक्क नसून शासन कधीही काढून घेऊ शकेल अशी सवलत मानली आहे. उलट नीती आयोगाच्या २०१८ सालच्या अहवालाने अशा जमिनीला कृषिवानिकीखालील, म्हणजे झाडांसह केलेल्या शेतीची, शेतजमीन म्हणून ओळखावे असे सुचवले. पडिकाला कागदावर जागा नसल्यामुळे, वनपट्टा नांगरला नाही तर हक्क जाईल या धास्तीने लोक दर वर्षी नांगर फिरवतात, आणि रान परतण्याची वाट नेमकी तेथेच बंद होते. आपला उतार २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्ट्यात आहे, खासगी वरकस आहे की सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात, हे आधी तलाठी आणि वनहक्क समितीकडून पक्के करून घ्या. झाड तोडण्याचे नियम तिन्ही ठिकाणी वेगळे आहेत.

शेतीच्या अंगाने विचाराल तर ओहळापलीकडच्या उताराला हात लावू नये. गावाकडच्या उताराचा पायथ्याचा भाग, जेथे मोजणीत खुंट जवळजवळ सापडणार नाहीत आणि माती अजून हातभर आहे, तो नागलीला द्यावा. समपातळीवर बांध घालावेत, बांधांवर तिवस आणि पांगारा धरावा, आणि तीन वर्षांच्या पिकानंतर त्या तुकड्याला निदान दहा वर्षे मोकळीक द्यावी. राब हवाच असेल तर ऐन आळीपाळीने छाटावेत, म्हणजे दर वर्षी निम्मे ऐन न छाटता राहतील. वाफा भाजायचा तो जाळरेषा झाडून झाल्यावर, सकाळी लवकर, वारा सुटण्यापूर्वी.